तळघराच्या तोंडाशी तुंबणारे पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सोसायटीत पार्किंगच्या उताराच्या पायथ्याशी आडवी जाळी आहे. तिच्यावरचा पालापाचोळा रोज काढूनही वळवाच्या एका सरीत पाणी तळघरात शिरते. असे का होते?

उत्तर : पाणी बहुधा जाळीवर नव्हे, तर जाळीखालच्या पन्हळीत किंवा पुढच्या नळीत अडत असावे. जाळी उचलून पन्हळीतला गाळ घमेल्याने बाहेर काढावा. पाण्याच्या जोराने तो नळीत ढकलण्याचा मोह आवरावा. मग चार-पाच बादल्या पाणी ओतून पुढच्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. तिथे पाणी पोचत नसेल तर अडथळा मधल्या नळीत आहे आणि ते चेंबरच तुडुंब भरलेले असेल तर अडथळा त्याच्याही पुढे आहे. मधल्या नळीसाठी बांबूच्या कामट्या किंवा प्लंबरकडची स्प्रिंग पुरते. मात्र कामटीच्या टोकाला राखाडी, दगडासारखी खपली लागून आली, तर फरशीच्या कामातले सिमेंटचे पाणी कोणीतरी तिथे ओतले आहे असे समजावे; ते घट्ट झाल्यावर नळीचा तेवढा भाग बदलणेच बरे.

नळी मोकळी निघाली, तर पाण्याचा हिशेब करावा. 15 मीटर लांब व 6 मीटर रुंद उतारावर तासाला 50 मिलिमीटर वेगाने पाऊस पडला, तर मिनिटाला 75 लिटर पाणी जाळीशी येते. त्यात 200 चौरस मीटर गच्चीचा पाइप उतारावरच सोडलेला असेल, तर आणखी सुमारे 167 लिटर! हा पाइप दुसरीकडे वळवणे आणि रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून उताराच्या माथ्यावर उंचवटा करणे, ही दोन कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत.

प्रश्न : नळीत अॅसिड ओतले तर?

उत्तर : ओतू नये. माती, पाने आणि प्लास्टिक त्याने हटत नाही, काँक्रीट मात्र खाल्ले जाते, आणि नंतर झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर वाफ येते.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यावर नदीजवळ राहतो. आमच्याकडे पाणी जाळीतूनच वर येते.

उत्तर : मग हे तुंबणे नसून उलटा प्रवाह असण्याची शक्यता अधिक. खडकवासल्याचा विसर्ग वाढून मुठेची पातळी चढली की पावसाळी गटाराचे तोंड पाण्याखाली जाते. जुलै 2024 मध्ये याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले ते याच विसर्गाच्या काळात. अशा वेळी नळी कितीही साफ केली तरी उपयोग नाही. बाहेर जाणाऱ्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवावा. पण तो मिटल्यावर आपल्या उताराचे पाणीही आतच अडते, म्हणून सोबत खड्डा आणि फ्लोटवर आपोआप चालणारा पंप हवाच. पंपाचा विजेचा बोर्ड तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर घ्यावा, आणि पाणी शिरल्यावर मुख्य पुरवठा बंद केल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

प्रश्न : ड्रेनेजचे चेंबर खोल आहे. कामगार आत उतरायला तयार आहे. उतरू द्यावे का?

उत्तर : मुळीच नाही. तो तयार असला तरी मैलापाण्याच्या चेंबरमधला वायू क्षणात शुद्ध हरपवतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. काम देणाऱ्या सोसायटीलाही त्यातून सूट नाही. जोराच्या दाबाने पाणी मारणारे जेटिंग मशीन बोलवावे आणि पाण्याचा फवारा खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडायला सांगावे, म्हणजे गाळ मागे ओढला जाऊन खालच्या चेंबरमध्ये जमतो आणि तिथून तो यंत्रानेच उपसता येतो.