डग्ग्यावर उशी, तबल्यावर रुमाल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा लातूरचा, पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीच्या आधी तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. इथे हॉस्टेलवर वाजवायला घेतलं की शेजारचे भिंतीवर थापा मारतात. गुरुजी गावी आहेत. आर्ट सर्कलमध्ये सगळ्यांना काहोन (तो खोक्यासारखा ड्रम) नाहीतर ड्रमसेट हवा असतो. तबला लागतो तो गणेशवंदनेपुरता. हात जड झालाय, लय वाढली की ‘तिरकिट’ हा बोल अडखळतो. पुढची विशारदची परीक्षा राहिली ती राहिलीच. कधी वाटतं, इंजिनिअरिंग सोडून विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जावं. आई म्हणते, आधी डिग्री, मग काय बडवायचं ते बडव. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात परीक्षा आहेत, गुरुजी आहेत, भिंत आहे, आई आहे. कोणाच्या गाण्याबरोबर वाजवतोस, ते मात्र कुठेच नाही. गोम तिथेच आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगची. ऐंशीच्या दशकात मुलींच्या हॉस्टेलवर तबल्याची जोडी घेऊन गेले, तेव्हा रेक्टरबाई म्हणाल्या, ‘‘अगं, पेटी तरी आणायचीस!’’ पहिलं वर्ष तुझ्यासारखंच गेलं. रविवारी जोडी काढायची, सूर लावायला हातोडीने दोन गठ्ठे ठोकायचे, चार कायदे (बोलांच्या बांधलेल्या रचना) आठवून वाजवायचे, हात साथ देत नाही म्हणून चिडायचं आणि गवसणी घालून परत कॉटखाली.

दुसऱ्या वर्षी सिव्हिलची एक मुलगी दारात आली. किराणा घराण्याचं गाणं शिकत होती. म्हणाली, ‘‘मला फक्त विलंबित एकताल धरून दे. बाकी काही वाजवू नकोस.’’ ते ‘बाकी काही वाजवू नकोस’ मला लागलंच होतं. पण गेले. मेस दुपारी चार ते साडेपाच रिकामी असायची, मागे मावश्या पातेली घासत असायच्या. तिथे एका टेबलावर तिचा तानपुरा आडवा, खाली सतरंजीवर आम्ही दोघी. ‘धिं धिं धागे तिरकिट तू ना’ – बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालायचं. सुरुवातीला प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, मी आधी पोचायचे आणि ती मागून सावकाश यायची. एकदा तिने गाणं थांबवून विचारलं, ‘‘तुला बस पकडायचीय का?’’

अडीच वर्षं मी ठेकाच वाजवला म्हण ना. आणि माझं तिरकिट सुधारलं ते तिथे. अतिविलंबितात तिरकिटची चारही अक्षरं उघडी पडतात, लपायला जागा नसते. द्रुत लयीत बोटाचा आळस झाकला जातो, तुझाही जात असणार. परीक्षेसाठी आपण कायदा, पलटे, तिहाई पाठ करतो, परीक्षक मान हलवतात, प्रमाणपत्र येतं. समोरचा श्वास कुठे घेणार आणि मुखडा कुठून उचलणार, हे कळायला मात्र समोर माणूस लागतो.

तेव्हा पहिलं काम, गाणारा शोध. तुमच्या कॉलेजात तो आहेच, काहोनवाल्यांच्या गर्दीत गप्प बसलाय एवढंच. नोटिस बोर्डावर चिठ्ठी लाव : ‘ठेका धरून मिळेल.’ हसू नको. पुण्यात गाणं शिकणाऱ्यांना तबला मिळत नाही, आठवड्यातून दोनदा फुकट ठेका धरणारा भेटला तर लोक चहा पाजून बसवतील. कथकच्या क्लासमध्येही विचार. तिथे तर पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, कानावर पडून पडून अर्धं शिक्षण होतं.

आता भिंतीचं. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर चौघडी घालून रुमाल टाक, डग्ग्याच्या तोंडावर पातळ उशी. नाद मरतो, बोटाला काम मिळतं. चुंबळींखाली जुनी गोधडी घाल, कारण खालच्या मजल्यावर जमिनीतून जाते ती धमक डग्ग्याची असते. पण असं रोज वाजवू नकोस. नाद ऐकूच आला नाही तर हात ठोकायला लागतो. आठवड्यात दोन दिवस तरी मोकळा तबला हवा. मेस, गच्ची, वर्कशॉपमागचा वाहनतळ, कुठेही. उरलेल्या दिवशी पढंत. वसतिगृह ते कॉलेज चालत जातोस ना? हातावर ताल धरून ‘धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना’ बरोबरीत, मग दुगुणात. लोक बघतील, बघू देत. महिनाभर हा एकच कायदा. जो बोल तोंडात अडखळतो तो बोटात अडखळणारच.

पावसाळ्याची एक गोष्ट सांगते, कारण माझी फजिती झालेली आहे. ऑगस्टमधला कार्यक्रम, हॉल दमट, आणि दुसऱ्या अंतऱ्यात माझी पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून तबला सुरातून उतरला. मी गाणं चालू असताना हातोडी काढली. ठाक, ठाक, ठाक. गाणारी बिचारी आलाप घेत राहिली आणि अख्खा हॉल गठ्ठे ऐकत राहिला. तेव्हापासून पावसात जोडी बंद कपाटात आणि कपाटात वरच्या अंगाला पिवळा बल्ब, कातड्यापासून चांगला हातभर लांब. कार्यक्रमाला जाताना दोन तबले. तुझ्याकडे एकच असेल तर निदान तास आधी जाऊन तो सुरात मिळवून ठेव.

फिरोदिया करंडकाला, कॉलेजांच्या त्या स्पर्धेला, कोणी बोलावलं तर जा. नाटक, गाणं, नाच, चित्रकला सगळं एकाच सादरीकरणात घुसवायचं असतं, त्या धबडग्यात ‘इथे आठ मात्रांत काहीतरी भीतीदायक दे’ असली मागणी येते आणि डोकं चालवावं लागतं. गुरुजी म्हणतील हात बिघडतो. थोडा बिघडतो. तालमी संपल्यावर दोन आठवडे तोच कायदा धर, येतो जागेवर.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो. 1953 साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, नेमका तुमच्या सेमिस्टर परीक्षांच्या तोंडावर येतो. एकच दिवस जा, भारतीय बैठकीचं तिकीट काढ, आणि संध्याकाळभर फक्त तबलजीचा डावा हात बघ.

विशारदचं म्हणशील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, त्या कुठे पळत नाहीत. पण इथे एखादा शिक्षक धर, पंधरवड्यातून एकदा का होईना. लातूरच्या गुरुजींना आधी फोन करून विचार. न विचारता दुसरीकडे बसलास तर त्यांना लागेल, आणि विचारलंस तर तेच नाव सुचवतील.

इंजिनिअरिंग सोडू का? आज नको. तबला अडला म्हणून तू सोडायला निघालायस, मेकॅनिकल नकोसं झालं म्हणून नाही; निदान पत्रात तसं नाही. प्रभाताई अत्रे फर्ग्युसनच्या बी.एस्सी. आणि वर कायद्याच्या पदवीधर होत्या. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत होते. (ही दोन नावं घातली नाहीत तर पुढच्या अंकाला पत्रं येतात, म्हणून घातली. आपण त्यांच्यातले नाही, तरीही.) सहा महिने कोणाच्या तरी मागे नेमाने बस. त्यानंतरही ललित कला केंद्रच डोळ्यांसमोर येत असेल तर परत लिही, मग आईला काय सांगायचं ते ठरवू. आणि तोवर एटीकेटी लावून घेऊ नकोस. माझा गणिताचा एम-3 राहिला होता, तेव्हा घरच्यांनी पहिला दोष तबल्याला दिला.

प्रश्न : मी कृषी महाविद्यालयात शिकते, युवक महोत्सवाच्या समूहगीतात गाते. मुलं काळी एकमध्ये (पेटीची ती पट्टी सा धरून) गातात, माझी पट्टी काळी चार. त्यांच्यात गायले की वर गेल्यावर किंचाळल्यासारखं होतं. सर म्हणतात, ‘अॅडजस्ट कर.’

उत्तर : अॅडजस्ट चालीने करायचं असतं, गळ्याने नव्हे. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच तुझा षड्ज (सा). मुलं सा ते प या पाच-सहा सुरांत फिरत असतील, तर वरच्या सप्तकात तेच सूर तुला तुझ्या मध्यमापासून (म) तार षड्जापर्यंत (वरचा सा) पडतात. आरामात. चाल तार षड्जाकडे निघाली की तू तुझ्या तार मध्यमावर लटकतेस, आणि तिथे किंचाळी. म्हणून मुखडा सगळ्यांनी मिळून, पण अंतऱ्यातल्या वरच्या ओळी एकट्या मुलांना द्या. एक अंतरा पूर्ण तुम्हा मुलींचा ठेवा आणि पेटीवाल्याला मधल्या म्युझिकमध्ये काळी चारवर यायला सांगा. पंडित जसराज यांनी स्त्री-पुरुष जुगलबंदीसाठी जसरंगी ही पद्धत मांडली, ती याच षड्ज-मध्यम, षड्ज-पंचमाच्या नात्यावर; तुम्हाला तर एक अंतराच बदलायचाय.

तबलजीला मात्र आठवडाभर आधी सांग. काळी एकला छोट्या तोंडाचा टिपेचा तबला लागतो, काळी चारला मोठ्या तोंडाचा. ऐनवेळी कळलं तर तो स्टेजवर हातोडी काढेल.