शेतातली झाडं कापायला चेनसॉ मशीन घेतलंय, ते सुरक्षित कसं चालवायचं आणि देखभाल कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की कोरेगावकडं शेताच्या बांधावरच्या बाभळी, सुबाभळी आणि काही नीलगिरी काढायच्या आहेत, त्यासाठी ऑनलाइन ५८ सीसीचं २२ इंची बारवालं (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) पेट्रोल मशीन मागवलं, पण चेन सारखी निसटते, थोडं कापलं की धूर येतो आणि मग लाकडात जातच नाही, आणि घरचे म्हणतायत की हे धोक्याचं काम आहे, माणूस लाव. घरचे काही चुकीचं बोलत नाहीत. पण मशीन आलंच आहे तर नीट शिकून घ्या. मी कराड-पाटण पट्ट्यात झाडं उतरवायची, फांद्या छाटायची कामं घेतो आणि लोकांची मशीनं दुरुस्तीलाही येतात, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, सगळं वाचा आणि तोपर्यंत एकही उभं झाड कापू नका.

माझं म्हणणं एकच आहे, झाड पाडायला शिकायच्या आधी चेनला धार लावायला शिका. लोक हेल्मेट, हातमोजे याला सुरक्षा समजतात आणि धार, तेल, टेन्शन (चेनचा ताण) याला मेंटेनन्स, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. तसं नाही आहे. धार गेली की माणूस मशीनवर जोर द्यायला लागतो, जोर दिला की तोल पुढं जातो, हात दमतात, बार गरम होतो, चेन ढिली होऊन निसटते, आणि अशातच बारचं टोक कुठंतरी लागून मशीन अंगावर येतं. धार असलेली चेन मशीनच्या स्वतःच्या वजनानं खाली उतरते, तुम्ही फक्त धरायचं. ओळखायचं कसं? खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर धार गेली, थांबा.

आता तुमची तक्रार. सगळ्यात आधी चेन उलटी बसलीय का बघा, नवीन मशीनमध्ये हे लय वेळा होतं कारण बार आणि चेन खोक्यात सुटी येते. बारच्या वरच्या बाजूला दाताची धारेची कड टोकाकडं तोंड करून असली पाहिजे. उलटी असेल तर लाकूड नुसतं जळतं, कापत नाही. सरळ असेल तर टेन्शन बघा. बारचे दोन नट थोडे ढिले करा, बारचं टोक हातानं वर उचलून धरा आणि तसंच धरून टेन्शनचा स्क्रू फिरवा, चेन बारच्या खालच्या बाजूला टेकली पाहिजे, लोंबायला नको, पण हातमोजा घालून हातानं ओढली तर सहज फिरली पाहिजे. टोक उचललेलं असतानाच नट आवळा. नवीन चेन पहिल्या दिवशी ताणते, म्हणून सुरुवातीला दर थोड्या वेळानं मशीन बंद करून परत बघायचं. आणि गरम असताना आवळलेली चेन काम संपल्यावर ढिली करून ठेवा, कारण गार झाली की ती आखडते आणि सगळा ताण क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगवर येतो.

धूर येतोय म्हणजे बहुतेक चेनला तेल पोचत नाहीये. मशीनला दोन टाक्या असतात, एक पेट्रोलची आणि एक चेनच्या तेलाची. पेट्रोल भरलं की तेल भरायचंच, ही सवय लावून घ्या. तेल पोचतंय का हे बघायला बारचं टोक कापलेल्या बुंध्याच्या पांढऱ्या भागासमोर थोडं लांब धरा आणि रेस करा, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढा, बारच्या खाचेत आणि तेलाच्या भोकात भुश्याचा चिखल बसलेला असतो, पातळ पत्र्यानं किंवा खिळ्यानं खरवडून काढा. बरेच जण ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल टाकतात. त्यात धातूची बारीक कीस असते, ती पंप आणि बार दोन्ही खाते, आणि ते तेल चेनवर टिकत नाही, उडून तुमच्याच कपड्यावर आणि जमिनीत जातं. चेन ऑइलच घ्या.

पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) मिसळायचं हे माहीत असेलच, पण प्रमाण अंदाजानं नको. मॅन्युअलमध्ये १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा, मग टाकीत ओता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचे रबराचे भाग खराब करतं, म्हणून महिनाभराच्या वर मिक्स ठेवू नका आणि मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पावसाळ्यात चार महिने तसंच ठेवलेलं मशीन दिवाळीनंतर चालू होत नाही म्हणून जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं. एअर फिल्टर रोज झटका, प्लग अधूनमधून काढून पुसा. एवढं पुरे.

धार लावणं मात्र सावकाश सांगतो. तुमच्या मशीनला बहुतेक .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप) चेन असेल, बारच्या मागच्या बाजूला आकडा कोरलेला असतो तो वाचा. .३२५ असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. तीन अष्टमांश लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, असेल तर ४ मिलिमीटरची. चुकीच्या जाडीच्या कानशीनं कितीही घासलं तरी धार येत नाही, हे पक्कं. मशीन बंद, प्लगची कॅप काढलेली, हातात मोजे. एखाद्या ओंडक्यात उभी खाच पाडा आणि बार त्यात घट्ट रुतवा म्हणजे हलणार नाही. आता एक दात उन्हाकडं करून बघा. बोथट झालेल्या कडेवर पांढरी चकचकीत रेघ दिसते, धार असलेल्या कडेवर काहीच दिसत नाही. ती रेघ जाईपर्यंत घासायचं, एवढंच काम आहे. दाताच्या वरच्या पट्टीवर बहुतेक चेनला ३० अंशाची रेघ असते, कानस त्या रेघेला समांतर धरा, आडवी, वर-खाली न डुलवता, आणि दाताच्या आतल्या बाजूनं बाहेर ढकला. परत येताना कानस उचलून आणा, घासत आणू नका. सगळ्या दातांना सारखेच घास. एका दाताला तीन दिले तर सगळ्यांना तीन. एका बाजूचे सगळे दात आधी, मग फिरून दुसऱ्या बाजूचे. एखादा दात दगडावर आपटून जास्त झिजलेला असेल तर बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे, कारण एका बाजूचे दात लांब राहिले की कट गोल फिरत जातो, सरळ जातच नाही, आणि लोकांना वाटतं बार वाकडा झालाय.

दाताच्या पुढं एक छोटा उंचवटा असतो, तो दात किती खोल चावेल ते ठरवतो. चार-पाच वेळा धार लावली की तो उंच राहतो आणि धार असूनही चेन नुसती घसरते. तेव्हा सपाट कानशीनं तो थोडा खाली घ्यायचा, दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली, त्यासाठी गेज मिळतो तो घ्याच. जास्त खाली घेतला तर दात अधाशासारखा चावतो आणि मशीन झटके मारतं, ते बोथट चेनपेक्षा वाईट.

बार दर वेळी धार लावताना उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. आणि चेन मातीला लावू नका, अजिबात. पडलेला ओंडका कापताना वरून दोन तृतीयांश कापा, मग फिरवा, मग उरलेलं. एकदा जमिनीला टेकली की त्या दिवशीची धार गेली. आपल्याकडं बांधावरच्या झाडात दुसरी गोष्ट म्हणजे तार. वर्षानुवर्षं काटेरी तार झाडाला गुंडाळलेली असते आणि साल तिच्यावरून वाढून आत गेलेली असते, बाहेरून नुसता एक वळ दिसतो. असा वळ दिसला तर त्याच्या वर किंवा खाली फूटभर सोडून कापा. कृष्णाकाठच्या, पुरात राहिलेल्या झाडांच्या सालीत वाळू आणि गाळ भरलेला असतो, तिथं आधी कुऱ्हाडीनं साल उडवायची.

आता चालवायचं. मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा (पुढच्या हँडलसमोरचं गार्ड पुढं ढकलून), उजव्या पायाचा पंजा मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर, आणि मग दोरी ओढा. हवेत धरून खाली सोडत दोरी ओढायची जी पद्धत रील्समध्ये दिसते ती करू नका. चालू झालं की बघा, रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे. थांबत नसेल तर आयडल स्क्रू (रेस नसताना इंजिनचा वेग ठरवणारा) कमी करा. मग रेस देऊन डाव्या मनगटानं पुढचं गार्ड ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. रोज सकाळी हे बघायचं. ज्या दिवशी ब्रेक लागत नाही त्या दिवशी काम नाही.

किकबॅक म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळ्यात वाईट जखमा त्यानंच होतात. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागला की चेन तिथं अडकते आणि सगळी ताकद बारला वर आणि मागं, तुमच्या तोंडाकडं फेकते. हे इतक्या पटकन होतं की डोकं बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून गुंडाळलेला, डावं कोपर सरळ, आणि उभं राहायचं बारच्या रेषेच्या डाव्या बाजूला, म्हणजे बार उसळला तरी उजव्या खांद्यावरून जाईल. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर चढून तर मुळीच नाही. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं मशीन, हे मी डोळ्यानं बघतो आणि लोकांना ओरडून सांगतो.

अंगावर हेल्मेट, जाळीचं व्हायझर, कानाला मफ (आवाज १०० डेसिबलच्या वर असतो), पुढं स्टील असलेले बूट. जीन्सनं चेन थांबत नाही. चेनसॉसाठी खास चॅप्स (पँटवरून पायाला बांधायचं जाड आवरण) मिळतात, त्यात लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन बंद पडते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडं वाचवा, चॅप्स घ्या. गळ्यात टॉवेल, उपरणं नको.

झाड पाडताना आधी वर बघा. विजेची तार असेल तर महावितरणच्या वायरमनला बोलवून लाइन बंद करून घ्या, अंदाज नको. आग्या मोहोळ आहे का बघा, मशीनच्या आवाजानं आणि हादऱ्यानं ती उठतात आणि पळायला जागा नसते. पडायच्या दिशेच्या उलट, मागं तिरकी, ४५ अंशात दोन वाटा काट्या-दगड काढून मोकळ्या करा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको, बांधावर बसून बघणारी पोरं तर आधी घालवा. पडायच्या बाजूला खोडाच्या साधारण चतुर्थांश खोल खाच, मग मागून खाचेच्या तळापेक्षा एक-दोन इंच वर आडवा काप, आणि मध्ये खोडाच्या व्यासाच्या एक दशांश लाकूड शिल्लक ठेवायचं, तेच बिजागरीसारखं झाडाला दिशेनं नेतं. ते पूर्ण कापलं की झाड कुठं जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही. मागच्या कापात लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर मारा, लोखंडाची नको, चेन लागली तर तुकडे उडतात.

बाभळी बारीक असतील तर अशा करा. पण नीलगिरी एका बाजूला झुकलेल्या असतील तर तुम्ही करू नका. झुकलेलं नीलगिरीचं खोड मागून कापत असताना अर्ध्यातच उभं चिरतं, मागचं फळकूट वर उसळतं आणि ते कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर असतं. त्याला करणारा माणूसच बोलवा. वादळात मुळासकट पडलेल्या झाडाचंही तसंच, खोड कापलं की मुळांचा गड्डा परत सरळ उभा राहतो, खड्ड्यात कुणी उभं असेल तर संपलं. दबलेली वाकलेली फांदी कापताना आधी आतल्या, दबलेल्या बाजूनं थोडा काप, मग ताणलेल्या बाजूनं हळूहळू, आणि स्वतः तिच्या उसळण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

एकट्यानं काम करू नका, मोबाइलला रेंज आहे का आधी बघा, स्वच्छ कापड आणि रुंद बँडेज जवळ ठेवा, लागलंच तर घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन. गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, आणि भरलं तिथंच चालू करू नका, चार पावलं लांब जा. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर मशीन टेकवू नका, सायलेन्सरनं पेटतं.

अजून एक, झाड तुमच्याच शेतातलं असलं तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा असल्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं आधी परवानगी लागते. बांधावर त्यातलं काही असेल तर तलाठी किंवा वनविभागाच्या ऑफिसात विचारूनच हात लावा.

सुरुवात पडलेल्या, मांडीएवढ्या ओंडक्यापासून करा. त्याचे तुकडे पाडा, धार घालवा, परत लावा, असं करत राहा. धार लावल्यावर मशीन स्वतःच्या वजनानं उतरायला लागलं की मग उभ्या बाभळीचा विचार करा. बारच्या मागं कोरलेला आकडा आणि चेनचे किती लिंक (कड्या) आहेत ते लिहा, कानस आणि गेज कोणता घ्यायचा ते सांगतो.