लेक बाळाला उचलतच नाही

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीमुळे माझी लेक दोन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली आहे. बाळ रडलं की दचकते, पण उचलत नाही. ‘हा अगदी बापावर गेलाय’ म्हणते. दूधही आटलंय. बाळ मीच सांभाळू का?
– एक आई, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा (कर्नाटक)

उत्तर : ताई, बाळ नको, बाकीचं घर सांभाळा. धुणं, स्वयंपाक, चौकशा करायला येणाऱ्या बायका, सगळं तुमच्याकडे. बाळ तुमच्याकडे गेलं, तर ‘मला जमत नाही’ हे तिच्या मनात पक्कं होईल.

मोठा आवाज झाला की हात उठणार, हे तिच्या अंगात भिनलंय. घर बदललं तरी ते लगेच जात नाही. दुधाचंही तसंच. पान्हा सुटतो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) आणि भीतीने तो अडतो. बाळ ओढतं, चिडतं. तिला वाटतं, हाही माझ्यावर रागावला. मग पाजणं कमी होतं आणि दूध खरंच घटतं.

खोलीचं दार लावा, तिचा मोबाईल बाहेर ठेवा. तिला टेकून बसवा, लंगोटातलं बाळ तिच्या उघड्या छातीवर द्या, वरून चादर. घाई नको. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजू द्या. 24 तासांत बाळाला 6 पेक्षा कमी वेळा लघवी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाळाने नजर फिरवली की तिने थांबावं. ते रुसत नाही, दमतं. परत बघितलं की बोलावं. ‘बापावर गेलाय’ यावर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. ‘तुझा आवाज आला की पाय हलवायचा थांबतो बघ’ एवढंच दाखवा. रडणं असह्य झालं तर बाळ पाळण्यात ठेवून तिने बाहेर यावं. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दोन आठवडे उदासी, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा; 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोनवरही मोफत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करीन म्हणाली, तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

सासरचे बाळ ओढून नेतील ही धास्ती असेल, तर जीव लावायलाही मन धजत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश आणि बाळाचा तात्पुरता ताबा मागता येतो. सुरुवात 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करून करा. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कागद कानडीत असतील. मराठीत वाचून घेतल्याशिवाय तिने सही करू नये.