ताई, कॅमेऱ्याला टाचणी लावू नका

तुम्ही 'अनट्रेसेबल' हा सिनेमा बघितलात, त्याच रात्री बाळाच्या खोलीतला कॅमेरा आपोआप पलंगाकडे वळलेला दिसला, आणि घरचे म्हणतात सिनेमा डोक्यात गेलाय. तुमची ही पोस्ट वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी मीही हेच ऐकून घेतलंय.

आमचा कॅमेरा सासूबाईंसाठी होता. त्यांना विस्मरण, मी दिवसभर ऑफिसात. एकदा रात्री अडीचला पाणी प्यायला उठले, तर मोटरची बारीक कुरकुर ऐकू आली. टीव्हीवरच्या फळीतला तो पांढरा गोळा सावकाश वळला आणि बाथरूमच्या दाराकडे तोंड करून थांबला. नवरा घोरत होता, त्याचा फोन चार्जिंगला, माझा उशाशी. तिसऱ्या कोणाकडे ॲप नव्हतंच.

पासवर्ड बदलणं वगैरे तुम्हाला माहीत असेल, त्यात शिरत नाही. माझी घोडचूक सांगते. घाबरून मी मागच्या भोकात टाचणी खुपसून कॅमेरा रीसेट केला, त्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट मारलं, ॲपमधलं खातंही उडवलं. कोणत्या फोनवरून किती वाजता लॉगिन झालं, ती यादी खात्याबरोबर गेली. चोराची पावलं मीच पुसली म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार द्यायला गेले. कुठे ते लिहीत नाही. पहिला प्रश्न, "पैसे किती गेले?" गेले नाहीत म्हटल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कार्ड मागितलं, ते कोरं. मग "तुमच्या हद्दीत जा", तिथे "हे सायबरचं काम". तीन रजा गेल्या, हातात एक कागद नाही. वर एकाने हसत विचारलं, "म्हाताऱ्या बाईंना कोण बघणार हो?" जाऊ दे, अजून बीपी वाढतं. हद्दीची सबब तर तेव्हाही खोटीच होती, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलेलंच आहे.

म्हणून आधी लॉगिनच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असे. मग नुसता प्लग काढा. कार्ड लॅपटॉपला न लावता पाकिटात घाला. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणारी सेटिंग) चालू असेल तर त्याचाही फोटो काढून मगच बंद करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, यासाठी सरकारी सायबर पोर्टलवर महिला-बालकांचा वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार टाका. मी वकील नाही, पण परवानगीशिवाय, लबाडीने कॅमेऱ्यात शिरणं हाच आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. व्हिडिओ बाहेर यायची वाट बघावी लागत नाही. खासगी क्षणांचं चित्रण झालं असेल तर त्याच कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ही बघायला सांगा.

सिनेमातला खुनी फार हुशार दाखवलाय, खून नेटवर लाइव्ह दाखवतो, प्रेक्षक वाढतील तसा माणूस लवकर मरतो वगैरे. प्रत्यक्षात एवढी अक्कल लागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या प्रसूतिगृहातले व्हिडिओ विकले जात असल्याचं बाहेर आलं, तेव्हा पासवर्ड 'ॲडमिन१२३' असल्याचं बातम्यांत होतं. आमच्याकडेही बसवणाऱ्या मुलाने कंपनीचाच पासवर्ड ठेवला होता, आणि मी त्याला चहा पाजून पाठवलं.

आता थोडं उलटं. ॲपमध्ये 'मोशन ट्रॅकिंग' चालू आहे का बघा. असेल तर बाळ कूस वळलं तरी कॅमेरा वळतो. लाइट जाऊन आली की असे बरेच कॅमेरे स्वतःभोवती एक गिरकीही घेतात. त्या रात्री लाइट गेली होती का, हे शेजारी विचारा. नसेल गेली आणि यादीत अनोळखी फोन असेल, तर इथे लिहा. फोनचं मॉडेल चालेल, नंबर टाकू नका.