लहान मुलांना संगीत शिकवताना मी शिक्षक म्हणून कशी सुधारू?

४-५ वर्षांची मुलं सूर पकडत नाहीत आणि दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते म्हणताय, तर आधी स्वतःची पट्टी, म्हणजे आपण किती वरच्या किंवा खालच्या सुरात गातो, ते बघा. आपण मोठी माणसं आपल्याला सोयीचं म्हणून खाली गातो, मुलांचा गळा तिथे पोचतच नाही, मग ती गाणं नुसतं बोलल्यासारखं म्हणतात नाहीतर सरळ ओरडतात आणि आपण म्हणतो हा बेसूर आहे! या वयात साधारण मधल्या सी च्या वरच्या डी पासून ए पर्यंत, म्हणजे हार्मोनियमवर पांढरी दोन ते पांढरी सहा, एवढंच आरामात लागतं. गाणी तिथे बसवा.

दुसरं म्हणजे त्यांच्यासोबत सतत गाऊ नका. एक ओळ गाऊन दाखवा, गप्प बसा, त्यांना म्हणू द्या, तेव्हाच कोण कुठे घसरतंय ते कळतं.

चुळबुळीचं म्हणाल तर ती वापरून घ्या की. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक डालक्रोझ लय आधी अंगातूनच शिकवायचे. तुम्ही ठेका वाजवा, मुलं त्यावर चालतील, वाजवणं थांबलं की पुतळा, लय वाढली की पळायचं. मात्रा वगैरे शब्द नंतर, आधी पायात येऊ दे.

आणि एकदा स्वतःच्या क्लासचा व्हिडिओ काढून बघा (मुलांच्या पालकांना विचारून), आपण किती बडबड करतो ते बघून धक्का बसतो. सूचना कमी करा, हातवाऱ्यांवर भागवा. बाकी कोदाय, ऑर्फ या मुलांना संगीत शिकवायच्या पद्धतींची एखादी वर्कशॉप मिळाली तर जरूर करा, पण सर्टिफिकेटसाठी नको.