सिस्टर व्हावं, लग्न करावं की आहे तसंच राहावं? वसईच्या एका मुलीला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय सत्तावीस, घर वसईत, नोकरी अंधेरीला. गेल्या वर्षी एका रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) गेलीस आणि तेव्हापासून सिस्टर, म्हणजे व्रत घेऊन कॉन्व्हेंटमध्ये राहणारी ख्रिस्ती संन्यासिनी, होण्याचा विचार डोक्यातून जात नाही. घरी स्थळं येताहेत, त्यातलं एक तुलाही आवडलंय. आणि अधूनमधून वाटतं, दोन्ही नको, आहे हेच बरं आहे. यातलं देवाला नक्की काय हवंय ते कसं ओळखायचं, असं तू विचारलंयस.

मी अविवाहित, शाळेतून निवृत्त झालेली बाई. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पाचारण शिबिरांच्या, म्हणजे देवाची हाक कुठल्या वाटेची ते ओळखायला मदत करणाऱ्या शिबिरांच्या, कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकलेला आहे.

माझ्या मते तू तीन प्रकारच्या आयुष्यांतून एक निवडायला बसली आहेस, म्हणून अडकलीस. 'वैवाहिक जीवना'शी कुणाचं लग्न होत नाही. लग्न होतं ते नायगावच्या नाहीतर निर्मळच्या एका मुलाशी, त्याच्या आईशी, त्याच्या रागाशी आणि घोरण्याशी. 'व्रतस्थ जीवना'तही कुणी प्रवेश घेत नाही. मुलगी जाते ती एका ठरावीक संस्थेत, तिथल्या पहाटेच्या घंटेत, आणि जिच्याशी पटेलच असं नाही अशा सिस्टरच्या शेजारच्या खोलीत. तिन्ही वाटा कागदावर मांडून तुलना करत राहिलीस तर चाळिशी उजाडेल. त्यातलं जे एक जास्त ओढतंय त्याच्या दारापर्यंत चालत जायचं आणि आतून काय उत्तर येतं ते पाहायचं.

आतून म्हणजे खरोखर आतून. पाचारण ही एकट्याने ठरवायची बाब नाही हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. तुला वाटलं म्हणून तू सिस्टर होत नाहीस, संस्थेलाही तसं वाटावं लागतं. तुला मुलगा आवडला म्हणून लग्न होत नाही, त्यालाही तू आवडावी लागतेस. पुष्कळदा देवाची इच्छा समोरच्याच्या होकारातून किंवा नकारातून कळते.

आपल्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया बघ. लहानपणापासून येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) सावलीत वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून राबले. मनात एकच, की आपल्याला संघात घेतील. घेतलं नाही. मग त्यांनी चक्क व्यापार केला, आणि चांगला केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारलं. 1593 मध्ये जपानला परतले ते दुभाषे होऊन, म्हणजे आधीच्या वर्षांत शिकलेली भाषाच कामी आली. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 मध्ये संत घोषित झाले. सणाच्या प्रवचनात हौतात्म्य रंगवून सांगतात. मला मात्र त्यांची ती मधली व्यापारी वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

दुसरं उदाहरण नवरा-बायकोचं. फ्रान्सचे लुई मार्टिन मठात जायला निघाले होते, लॅटिन येत नाही म्हणून परत आले. झेलींना सिस्टर व्हायचं होतं, त्यांनाही घेतलं नाही. त्यांनी लेस विणण्याचा धंदा उभा केला. 1858 मध्ये दोघांचं लग्न झालं. नऊ मुलं झाली, जगल्या त्या पाच मुली, आणि पाचही सिस्टर झाल्या. त्यातली धाकटी म्हणजे लिझ्यूची संत तेरेझा. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या जोडप्याला एकत्र संत घोषित केलं. त्यांच्यासाठी लग्न ही दुसरी वाट होती, पण दुय्यम नव्हे.

आता रिट्रीटनंतरच्या त्या ओढीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण संत इग्नेशियस लोयोला, ज्यांनी ही पारख करण्याची रीतच घालून दिली, ते यात फार सावध होते. मन उचंबळलेलं असताना घाईने वचन देऊन बसू नये, असं ते साधना देणाऱ्याला, म्हणजे रिट्रीट घेणाऱ्या मार्गदर्शकाला, बजावायला सांगतात. उलट मन कोरडं पडलं, अंधारून आलं, प्रार्थना नकोशी झाली की आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हाही त्यांचाच नियम. म्हणजे भरतीतही नाही आणि ओहोटीतही नाही. शिवाय साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, कुणालाही एका बाजूला झुकवू नये, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. त्या रिट्रीटमध्ये कुणी सगळ्यांसमोर "कोण देवाला हो म्हणतंय, हात वर करा" असं केलं असेल, तर त्या हात वर करण्याला फारसं वजन देऊ नकोस. हा प्रकार मला मुळीच पटत नाही.

त्याऐवजी एक वही कर. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं, दोनच गोष्टी: आज कशाने मन मोठं झालं, कशाने आकसलं. 'देव', 'पाचारण' असले शब्द त्यात नकोत, प्रसंग लिही. "विरारच्या गाडीत एका म्हाताऱ्या बाईशी बोलले, घरी येईपर्यंत बरं वाटत होतं." "मावशीच्या बाळाला झोपवलं, खाली ठेववेना." "मिस्सानंतर एकटीच बसले, उठावंसं वाटलं नाही." "ऑफिसात वरिष्ठ बोलले आणि वाटलं, सगळं सोडून कॉन्व्हेंटमध्ये जावं." हे शेवटचं वाक्य सारखं सारखं येऊ लागलं तर सावध हो, कारण ती ओढ कॉन्व्हेंटची नाही, नोकरीपासून पळण्याची आहे. पळ काढून आलेली मुलगी कॉन्व्हेंटातूनही पळ काढते आणि लग्नातूनही. तीन-चार महिन्यांनी वही सलग वाच आणि एखाद्या जाणत्या माणसाला वाचून दाखव. आपल्या चर्चचे फादरच हवेत असं नाही. सिस्टर चालतील, अनुभवी प्रापंचिक बाईही चालेल. फक्त जिला तू सिस्टर व्हावीस किंवा होऊ नयेस यात स्वतःचं काही मिळवायचं आहे, अशी व्यक्ती नको.

सिस्टर होण्याची वाट किती लांब आहे हे कळलं की भीती निम्मी होते. 'या आणि पाहा' शिबिर, मग उमेदवारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ. हा नोव्हिशिएट कमीत कमी बारा महिन्यांचा. त्यानंतरची पहिली व्रतं तात्पुरती, साधारण तीन ते सहा वर्षांची, आणि मुदत संपली की घरी यायला मोकळीक. कायमची व्रतं त्यानंतर. उलट लग्नाचं बघ: पोहे, चहा, दोन भेटी, हॉलची तारीख, विवाहपूर्व शिबिर, आणि आळतारापुढे एकदा 'हो' म्हटलं की मरेपर्यंत. तरी घरच्यांना धास्ती वाटते ती कॉन्व्हेंटची! म्हणून "सिस्टर व्हायचं म्हणजे परतीचा दोर कापला" असं म्हणून रडणाऱ्या आईला हे वेळापत्रक शांतपणे समजावून सांग.

आईवरून आठवलं. तू एकुलती एक आहेस असं लिहिलंस. आमच्या पिढीत सात-आठ भावंडांतलं एक देवाला दिलं तर घराला मानच मिळायचा. आता एक-दोन मुलं, आणि "आमचं म्हातारपणी कोण बघणार" हा प्रश्न स्वार्थी म्हणून झटकून टाकता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटलंय की आईवडील खरोखर गरजू असतील आणि त्यांना दुसरा आधार नसेल, तर त्यांना सोडून मठात जाऊ नये. पण 'गरजू' आणि 'नाराज' यांत फरक आहे. तुझे वडील पेन्शनवर आहेत आणि वाडी आहे, तर ते नाराज असतील, निराधार नाहीत. शिवाय जीवनाची वाट निवडताना कुणावरही सक्ती होऊ नये, हा हक्क 1983 च्या कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) प्रत्येक ख्रिस्ती माणसाला दिलेला आहे. तो आईवडिलांच्या सक्तीविरुद्ध आहे, तसाच फादरांच्या आग्रहाविरुद्धही.

कर्जाचंही बघ. फ्लॅटच्या होम लोनवर वडिलांबरोबर तुझंही नाव आहे म्हणालीस. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला संस्थेत घेऊ नये असा नियमच आहे. चौकशीला जाशील तेव्हा हे पहिल्याच भेटीत सांग.

आता 'आहे तसंच' बद्दल, कारण ते माझ्या अंगणातलं आहे. एकटं राहणं आणि निर्णय न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये लिहिलं की प्रेम करण्याचं पाचारण पूर्णत्वाला नेणाऱ्या वाटा दोन, लग्न आणि कौमार्य. एखाद्याला कशालाच बांधून घ्यायचं नाही, ही त्यातली तिसरी वाट नव्हे. नोकरी न सोडता, घरी राहून स्वतःला देवाला वाहायचं असेल तर सेक्युलर इन्स्टिट्यूट आहेत, त्यांना 1947 मध्ये पोप पायस बारावे यांनी मान्यता दिली. बिशपांच्या हातून होणारा कुमारिका-समर्पण विधीही आहे, तो 1970 मध्ये नव्याने सुरू झाला. आपल्याकडे या वाटा फारशा कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितल्या.

माझ्यासारख्या कुठलंही व्रत न घेतलेल्याही असतात. त्यांचं आयुष्य सांगायचं तर, एकटी म्हणजे रिकामी असा सगळ्यांचा समज. आजारी काकूंजवळ हॉस्पिटलात रात्र काढायची, भाच्याच्या अ‍ॅडमिशनला रांगेत उभं राहायचं, चर्चच्या सणाचा हिशेब लिहायचा, फोन मलाच. मला हे आवडतं. पण लग्नघरी पाहुण्यांना वाढून झाल्यावर आपण कुणाच्या टेबलावर बसायचं हा प्रश्न दर वेळी पडतो, आणि तो वयाबरोबर जात नाही. हे सहन होईल का, ते आताच स्वतःला विचार.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, असंही विचारलंयस. इग्नेशियसचीच एक युक्ती वापर: तुझीच परिस्थिती असलेली एखादी अनोळखी मुलगी तुझ्याकडे आली, तर तिला काय सांगशील? माझा अंदाज, तू म्हणशील की आधी कॉन्व्हेंट पाहून ये. तुझ्या लिहिण्यात स्थळाबद्दल दोन ओळी आहेत आणि सिस्टर्सबद्दल दोन परिच्छेद.

तर मे महिन्यात रजा टाक आणि एका संस्थेत राहून ये. एकाच, पाच ठिकाणी फिरू नकोस. प्रार्थनाघर सगळीकडे सुंदरच असतं, ते पाहू नकोस. जेवणाच्या टेबलावर म्हाताऱ्या सिस्टर्स एकमेकींशी कशा बोलतात ते बघ, त्या हसतात का ते बघ. ज्या सोडून गेल्या त्यांच्याबद्दल कसं बोललं जातं तेही ऐक. नोव्हिशिएटमध्ये फोन, घरी जाणं, आजारपण, शिक्षण यांचे नियम काय, हे सरळ विचार. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच.

आणि त्या मुलाला जूनपर्यंत टांगून ठेवू नकोस. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना या आठवड्यात सांग की मी सिस्टर होण्याचा गंभीरपणे विचार करतेय, तुम्ही थांबावं असं माझं म्हणणं नाही. आई म्हणेल, असं सांगितलं तर गावभर होईल. होऊ दे. तो थांबला नाही तर चांगलं स्थळ गेलं म्हणून तुला वाईट वाटेल, ते किती आणि नेमकं कशाचं वाटतं, तेही वहीत लिही.