'ऑकॉ' म्हणजे नवराच का?

प्रश्न असा आहे: नायजेरियातल्या योरुबा भाषेतल्या 'ऑकॉ' आणि 'इयावो' या शब्दांचे अर्थ सरसकट 'नवरा' आणि 'बायको' असे सांगितले जातात. मग ओयेरोन्के ओयेवुमी या नायजेरियन विदुषी त्यावर हरकत का घेतात?

हरकत घेतात, कारण नणंदसुद्धा ऑकॉच! जुन्या योरुबा घरात नव्या सुनेला नवरा, दीर, नणंदा असे त्या घरात जन्मलेले सगळेच ऑकॉ. ती त्या सगळ्यांची 'आया', म्हणजे बाहेरून आलेली. आज प्रचारात असलेला 'इयावो' हा शब्द मूळचा नवरीचा. बाई-पुरुष हा भेद इथे दुय्यम. कोण आधी या घरचं झालं, त्यावर मान ठरतो. सून आली त्या दिवशी पाळण्यात असलेलं पोरही तिला वडील; तिच्यानंतर जन्मलेल्यांची मात्र ती आई. वयाने लहान दिराला 'भावोजी' आणि धाकट्या नणंदेला 'वन्सं' म्हणणाऱ्या आपल्याला हे फार परकं वाटू नये.

ओयेवुमीबाईंनी हे घरातच पाहिलेलं. त्यांचे वडील १९७३ मध्ये ऑग्बोमोशोचे 'सोउन', म्हणजे राजे झाले, त्यामुळे मानापमानाची उतरंड रोजचीच. इबादान विद्यापीठात शिकून त्या अमेरिकेत बर्कलेला गेल्या, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. 'द इन्व्हेन्शन ऑफ विमेन' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक १९९७ चं. योरुबात 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. 'एग्बॉन' म्हणजे थोरलं भावंड, 'अबुरो' म्हणजे धाकटं, भाऊ की बहीण ते शब्दावरून कळतच नाही. यावरून त्या थेट म्हणतात, की 'बाई' हा सामाजिक गट इथे वसाहतवाद्यांनी आणला.

इथे माझी गाडी अडते. बंगालीतही 'तो' आणि 'ती' यांना 'शे' हे एकच सर्वनाम, म्हणून काही बंगालमधल्या सुनांचा सासुरवास चुकला नाही. बीबी बाकरे-युसुफ या नायजेरियन अभ्यासकबाईंचाही आक्षेप साधारण याच अंगाचा आहे: भाषेत भेद दिसला नाही म्हणून व्यवहारात तो नव्हता असं ठरत नाही. शिवाय लग्न करून सासरी यायची ती बाईच. जावई 'आया' होत नसे, हे तर ओयेवुमीबाईच सांगतात. सर्वनामांवरून त्यांनी जरा लांब उडी मारली असं मला वाटतं, नात्यांच्या शब्दांबद्दल मात्र त्यांचं म्हणणं पक्कं आहे.

भाषांतराचं म्हणाल, तर आजच्या लागोसमधल्या कथेत 'नवरा-बायको' बिनधास्त लिहा. जुन्या घराण्याची गोष्ट असेल तर ऑकॉला 'सासरचं माणूस' जवळचं. देवतेची दीक्षा घेतलेल्याला मात्र यातलं काहीच चालणार नाही: तो पुरुष असला तरी त्या ओरिशाचा, म्हणजे देवतेचा, 'इयावो'च. योरुबा गुलामांबरोबर हा शब्द ब्राझीललाही गेला, आणि तिथल्या कांदोम्ब्ले पंथात नवदीक्षिताला, बाई असो की बुवा, आजही 'इयाओ' म्हणतात.